तेल पिणारा, पाणी झिडकारणारा फोम : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, आमच्या विभागात एक काचेची टाकी मांडते. टाकीत पाणी, त्यावर हळदीनं पिवळं केलेलं करडईचं तेल आणि शेजारी ताटात फोमचे तुकडे. बघायला शाळेतली मुलं येतात, यंत्रमागवाले येतात, गॅरेजवाले येतात. एका वर्षी गाद्या शिवणारे एक काका तासभर टाकीपाशी उभे होते. गर्दीत उत्तरं नेहमी अर्धवट राहतात, म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हा फोम म्हणजे आपल्या गादीतलाच का?

घराणं तेच. गादी, सोफा, गाडीची सीट यांत असतो तो पॉलियुरेथेन फोम. पॉलियुरेथेनचं रसायन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं. गादीच्या फोमचा पातळ काप घेऊन त्यावर भिंग धरा. भिंती जवळजवळ नाहीतच, नुसते खांब आणि तुळया दिसतात; बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीसारखं. या खांब-तुळयांच्या मधली मोकळी जागा म्हणजेच तेलाची जागा. गादीवाले ज्याला ‘३२ डेन्सिटी’ म्हणतात, त्या फोमचं वजन एका घनमीटरला ३२ किलो असतं. त्यातला खरा पॉलिमर तीन टक्क्यांच्या आतच. बाकी सगळी हवा.

दुसरा प्रकार मेलामाइन फोमचा. भिंतीवरचे डाग घासायला पांढरा, ठिसूळसर स्पंज मिळतो ना, तो. तो आणखी हलका, घनमीटरला साधारण दहा किलो.

थर्माकोल चालेल का?

नाही. त्याची भोकं बंद असतात, एकातून दुसऱ्यात वाट नसते. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा, लवचिक पॅकिंग फोमही तसाच. तेल बाहेरूनच ओघळून जातं.

पाणी सोडून नुसतं तेलच कसं काय पितो?

या विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबते.

साधा गादीचा फोम तेलही पितो आणि पाणीही. त्याला आवडनिवड नसते. ती आणून द्यावी लागते, आणि संशोधन सगळं तिथेच चाललेलं असतं.

अळवावरचं पाणी आठवा. थेंब पानाला धरून बसत नाही, मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो. पाण्याचे रेणू एकमेकांना फार घट्ट धरून असतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर बहुतेक तेलांचा २० ते ३५ च्या दरम्यान. पृष्ठभाग मेणासारखा असेल, तर त्यावर पसरण्यापेक्षा पाणी आपापसातच गोळा होऊन राहणं पसंत करतं. तेलाची पकड मुळातच सैल, त्यामुळे ते त्याच पृष्ठभागावर खुशाल पसरतं. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, तो ९० अंशांच्या वर गेला की पृष्ठभागाला जलविरोधी म्हणतात. १५० च्या वर गेला की अतिजलविरोधी.

म्हणजे फोमच्या प्रत्येक खांबाला आणि तुळईला असा पातळ लेप हवा. तो सिलिकोनचा असतो, सिलेन नावाच्या रसायनांचा असतो, कधी ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराचा. लेप बसला की केशाकर्षण उलटसुलट काम करू लागतं : तेलाला बारीक भोकं आत ओढून घेतात आणि पाण्याला तीच भोकं बाहेर ढकलतात.

भोक केवढं असावं, यावरही बरंच अवलंबून असतं. मोठ्या भोकात तेल भराभर शिरतं, पण उचलताना तितक्याच भराभर गळतं. बारीक भोक तेल धरून ठेवतं, पण भरायला वेळ लावतं. पातळ डिझेलला एक माप लागतं, जाड तेलाला दुसरं. सगळ्यांना चालेल असा एकच फोम मी अजून पाहिलेला नाही.

‘स्वतःच्या वजनाच्या ९० पट तेल पितो’ असं वाचलं. खरं का?

खरं असू शकतं. तरी त्या आकड्याला भुलू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. गणित साधं आहे. ३२ डेन्सिटीचा एक किलो फोम म्हणजे सुमारे ३१ लिटर जागा. पॉलिमरची जागा वजा केली की तीसेक लिटर उरते. ती काठोकाठ तेलानं भरली तर साधारण २६ किलो तेल, म्हणजे २६ पट. मेलामाइनचा एक किलो फोम घ्या : शंभर लिटर जागा, सुमारे ८७ किलो तेल. लेप कुणाचाही असो, पटीचा आकडा मुख्यतः फोम किती हलका आहे एवढंच सांगतो.

विचारायचं ते वेगळंच असतं. उचललेल्यात तेल किती आणि पाणी किती? लाटांनी हलत असताना ते धरून राहतं का? विसाव्यांदा पिळल्यावर काय उरतं? वजनाच्या पटीबरोबर ही उत्तरं कुणी देत असेल, तर त्याचं लक्ष देऊन ऐका.

९० चा आकडा गाजला तो अमेरिकेतल्या शिकागोजवळच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘ओलिओ स्पंज’मुळे. २०१७ साली त्यांनी तो जाहीर केला. पॉलियुरेथेनच्या धाग्यांत आधी धातूच्या ऑक्साइडचा पातळ थर मुरवायचा आणि त्याला तेलप्रेमी रेणू जोडायचे, अशी ती रीत. म्हणजे भिंतीला आधी प्रायमर आणि मग रंग. न्यू जर्सीमधल्या ओमसेट या समुद्रपाण्याच्या मोठ्या टाकीत त्याची चाचणी झाली. मला त्यातली एक गोष्ट ९० पेक्षा मोठी वाटते : तो पाण्यावर तरंगणारं तेल तर उचलतोच, पाण्याच्या पोटात विखुरलेले थेंबही धरतो. नेहमीच्या साधनांची अडचण नेमकी तिथेच होते.

सोलापूरला समुद्र नाही. आपल्याला काय त्याचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि दर वेळी मी तोच हिशेब फळ्यावर मांडते.

एक लिटर तेल एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, पाण्यावर पसरलं तर थराची जाडी होते मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. एवढा पातळ थरही डोळ्यांना रुपेरी तवंग म्हणून दिसतो. दुसरा हिशेब : नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असू नये, असं आपल्याकडचं सर्वसाधारण मानक आहे. एक लिटर वापरलेलं इंजिन ऑइल ८८ हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर! चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी येताना पाहिलेल्या शहराला टँकरचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

सिद्धेश्वर तलाव शहराच्या काळजात आहे, संभाजी तलाव म्हणजे आपला कंबर तलाव वस्तीला खेटून आहे, हिप्परग्याला एकरुख तलाव आहे. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत यंत्रं आहेत, यंत्रांना तेल आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावरून रात्रंदिवस टँकर जातात. गळती समुद्रावरच होते असं नाही. आपल्याकडे ती लिटर-दोन लिटरनं होते, रोज होते, आणि तिची बातमी होत नाही.

तुम्ही स्वतः कधी वापरलाय का? की नुसती टाकीतच?

वापरलाय, आणि पहिल्यांदा साफ फसले.

काही वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका संध्याकाळी, जोराच्या पावसात आमच्या भागातल्या एका दुरुस्ती शेडमागे जुन्या तेलाचं अर्धं पिंप कलंडलं. काळं तेल गटारातून नाल्याकडे निघालं. दोन विद्यार्थी घरीच आलेले होते. आम्ही जुन्या गादीचा फोम फाडला, पोत्यात भरला आणि पळत गेलो. फोम पाण्यात टाकला, तर दहा मिनिटांत पाणी पिऊन जड झाला, अर्धा बुडाला. बाहेर काढून पिळला तर हाताला गढूळ पाणी लागलं, तेल नावाला. आधी पाण्यानं भरलेल्या फोमात तेलाला शिरायला जागाच उरत नाही. हे मी वर्गात शिकवत होते, तरी त्या घाईत विसरले.

शेजारचे एक वयस्क जॉबर, म्हणजे यंत्रमागांची देखभाल करणारे, उभी हयात साच्यांवर गेलेली, छत्री धरून बघत होते. ते म्हणाले, “मॅडम, आता टॉवेलचं सूत नका टाकू ओ, तेही पाणी पितंय. कच्चा कापूस आणा, तो बुडत नाही.”

कच्च्या, न धुतलेल्या कापसाच्या तंतूवर निसर्गानंच मेणाचा थर दिलेला असतो. तो पाण्यावर तरंगतो आणि तेल ओढतो. त्याच कापसाला स्कावरिंग आणि ब्लीचिंग करून मेण काढलं, की त्याचा पाणी टिपणारा टॉवेल होतो. आपल्या शहराचा अख्खा टॉवेलधंदा त्या मेण काढण्यावर उभा आहे, आणि मला ते पुस्तकात दिसलं नव्हतं. जॉबरकाकांनी कुठूनशी दोन पोती सरकी काढलेली रुई आणवली. ती आम्ही जुन्या मच्छरदाणीत भरून लांब गुंडाळी केली आणि नाल्याच्या अरुंद जागी आडवी बांधली. तेल तिला येऊन चिकटत गेलं. सगळं तेल अडलं नाही, पण बरंच अडलं. त्या दिवसापासून माझ्या टाकीशेजारच्या ताटात फोमबरोबर रुई आणि टॉवेलचा तुकडाही असतो.

मग कापूसच वापरावा की! फोम कशाला?

छोट्या कामाला कापूस उत्तम. सावरीचा कापूस तर त्याहून सरस. त्याचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो. पण कापूस पिळून पुन्हा पुन्हा वापरायला गेलं की त्याचा लगदा होतो. फोम पिळला की उसळून मूळच्या आकाराला येतो, आणि पिळलेलं तेल हाती लागतं. फोमचा फायदा हा, पटीचा नव्हे.

उसाच्या चिपाडाचंही विचारतात, जिल्हा कारखान्यांचा असल्यामुळे. चिपाड तेल धरतं, पण पाणीही धरतं आणि हळूहळू बुडतं. २०२० च्या जुलैत मॉरिशसच्या किनाऱ्यावर ‘वाकाशिओ’ जहाज रुतलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सुटलं, तेव्हा तिथल्या लोकांनी उसाचा पाला कापडी पिशव्यांत भरून, केस गोळा करून हातानं बांध शिवले. हाताशी होतं ते घेऊन माणसं पाण्यात उतरली, याचं मला फार मोल वाटतं.

समुद्रातल्या मोठ्या गळतीला फोम पुरेल का?

एकटा नाही. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. अकरा कामगार गेले आणि ८७ दिवस विहीर वाहत राहिली. अमेरिकी सरकारचा अंदाज ४९ लाख पिंपांचा, म्हणजे सुमारे ७८ कोटी लिटर. आपल्या ३२ डेन्सिटीच्या फोमनं एका दमात एवढं प्यायचं म्हटलं तर २६ हजार टन फोम लागेल. तो नेणार कोण, पसरणार कोण, गोळा करणार कोण?

मोठ्या गळतीत आधी तरंगते बांध घालून तेल एका जागी आवळतात, मग यंत्रानं वरचा थर ओढून घेतात. फोम आणि इतर शोषकं येतात ती शेवटच्या टप्प्यात : खडकांच्या सांदीत, खाडीच्या काठाला, बंदराच्या कोपऱ्यात. सांदीकोपरे भरपूर असतात, आणि तिथे आपल्याकडे अजून माणसांचे हात वापरतात. २८ जानेवारी २०१७ ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, तेव्हा काळा चिखल लोकांनी बादल्यांनी उपसला. ते फोटो मी वर्गात दाखवते. त्या बादल्यांच्या जागी काय देता येईल, हा प्रश्न मुलांच्या मनात राहावा एवढीच माझी इच्छा.

जाड, डांबरासारखं तेल?

तिथे फोम अडतो. घट्ट तेल बारीक भोकात शिरायला तासन्‌तास घेतं. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी ग्राफीनचा लेप दिलेल्या स्पंजातून वीज सोडून तो गरम केला. त्याला टेकलेलं तेल पातळ झालं आणि भराभर आत शिरलं. फोडणीच्या आधी गोठलेलं खोबरेल गरम करतो, तोच विचार. शिवाय लाटांत घुसळलं गेलेलं तेल पाण्याशी मिसळून लोण्यासारखं होतं, त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असू शकतं. ते कोणत्याही फोमला जड जातं. म्हणून पहिले काही तास मोलाचे.

तेलावर साबण किंवा पावडर टाकली तर लवकर साफ होतं ना?

कृपा करून टाकू नका. तवंग डोळ्यांआड होतो, तेल मात्र बारीक थेंब होऊन पाण्यातच राहतं. साबणानं पाण्याचा पृष्ठताण उतरतो; मग लेप दिलेला फोमसुद्धा पाणी प्यायला लागतो आणि उचलायचं साधनच निकामी होतं. बांध घाला, टिपा, उचला. साबण फार तर शेवटी स्वतःच्या हातांना.

रंगाईघरातलं रंगीत पाणी यानं साफ होईल का?

नाही. रंग पाण्यात विरघळलेला असतो, तेल वेगळं तरंगत असतं. फोम वेगळं असलेलं उचलतो, विरघळलेलं नाही. रंगासाठी तुरटीसारखे साका बसवणारे पदार्थ, सक्रिय कोळसा, जैविक प्रक्रिया हे मार्ग वेगळे.

फोम पिळून किती वेळा वापरता येतो?

पॉलियुरेथेन पुष्कळ वेळा. मेलामाइन लवकर तुटतो. प्रयोगशाळेतले आकडे स्वच्छ, पातळ द्रवांवरचे असतात. नाल्यातल्या तेलात माती, पालापाचोळा, प्लास्टिकचे तुकडे असतात आणि भोकं तुंबतात. पिळल्यावरही धाग्यांना तेल चिकटून राहतंच. मात्र एक बारीक युक्ती कामाला येते : साधा फोम आधी तेलात बुचकळून पिळला, की त्याला तेलाचाच हात बसतो आणि पुढच्या वेळी तो पाण्यापेक्षा तेल जास्त घेतो. नाल्यावर त्या संध्याकाळी मी हे केलं असतं, तर फोम बुडाला नसता.

वापरलेल्या फोमचं काय करायचं? जाळला तर?

जाळू नका. पॉलियुरेथेन जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि हायड्रोजन सायनाइडही. मोकळ्या जागेतसुद्धा नको.

२०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल आणि तेलानं माखलेल्या चिंध्या, पुसायचं साहित्य, सगळं घातक कचऱ्यात मोडतं. तो घंटागाडीत टाकायचा नसतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं परवानगी दिलेल्यांकडेच द्यायचा. पिळलेलं तेल पुन्हा शुद्ध करता येतं, आणि तेही परवानाधारकच करू शकतात.

त्या जुलैतली मच्छरदाणीची गुंडाळी आम्ही पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवली होती. ती घ्यायला तयार असलेला माणूस मिळेपर्यंत पंधरा-वीस दिवस गेले. उचलायला आम्हाला एक संध्याकाळ लागली होती! म्हणून माझं सांगणं असतं, शोषक विकत घेण्याआधी ते वापरल्यावर कुठे जाणार याचा पत्ता लिहून ठेवा.

फोम म्हणजेही प्लास्टिकच ना? एक घाण काढायला दुसरी?

प्रश्न रास्त आहे. उन्हानं पॉलियुरेथेन पिवळा पडतो, चुरा होतो, आणि तो चुरा पाण्यात गेला तर सूक्ष्म प्लास्टिक होतं. म्हणून फोमचे सुटे तुकडे किंवा भुगा पाण्यात कधीच टाकायचा नाही. जाळीच्या पिशवीत भरलेला, दोरीला बांधलेला आणि मोजून टाकलेला असावा. जितके टाकले तितके वर यायला हवेत.

टँकर उलटला तर फोम घेऊन जावं का?

अजिबात नाही. पेट्रोलची वाफ दिसत नाही, जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीनं पेटते. डबे, कॅन घेऊन धावणारे लोक मी बातम्यांत बघते तेव्हा पोटात गोळा येतो. लांब राहा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला जा, तिथे जवळपास मोबाइल, विडी, इंजिन सगळं बंद ठेवा आणि लांब गेल्यावर ११२ ला कळवा. आपलं काम सुरू होतं ते अग्निशमनवाल्यांनी हो म्हटल्यावर, आणि तेही डिझेल किंवा इंजिन ऑइल ओढ्याकडे जात असेल तर.

घरी मुलांना दाखवता येईल का?

येईल, आणि जरूर दाखवा. पसरट पातेल्यात पाणी घ्या. चार चमचे करडईचं तेल हळद घालून कोमट करा, गाळा, गार झाल्यावर पाण्यावर ओता. सारख्या आकाराचे चार नमुने घ्या : नवा फोम, कापडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा (ते पॉलिप्रोपिलीन असतं; बाजारातले पांढरे तेलशोषक पॅड त्याचेच), कच्ची रुई आणि टॉवेल. एकेक मिनिट ठेवा, उचला, वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत पिळा आणि थोडं थांबा. पेल्यात वर पिवळं तेल, खाली पाणी असे दोन थर होतील. कोणी किती तेल आणलं आणि किती पाणी, ते पट्टीनं मोजा.

नंतर तेलकट कापूस आणि चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. करडई, जवस ही वाळणारी तेलं. त्यांचा बोळा आतल्या आत तापून पेटू शकतो. पसरून वाळवा, मग टाका.

कारखान्यात किंवा गॅरेजमध्ये काय ठेवावं?

तेलाच्या पिंपाखाली पसरट पत्र्याचा ट्रे ठेवा. निम्मं काम तिथेच होतं. जवळ पॉलिप्रोपिलीनचे पॅड किंवा जाळीच्या पिशवीत भरलेली रुई, रबरी हातमोजे आणि झाकणाचा डबा. गटाराच्या तोंडाशी आडवी टाकता येईल अशी एक गुंडाळी कोरडी आणि हाताशी असू द्या, कपाटात कुलूपबंद नको. आणि पावसाळ्याआधी एकदा बादलीभर पाणी ओतून बघा, आपल्या शेडमधलं पाणी नक्की कुठल्या गटाराला जातं ते. त्या शेडच्या मालकाला ते त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.